‘मुख्य प्रवाह’ की ‘नावारूपाला येणे’?

प्रश्न : पणजीत आमच्या गटात ‘अ बँड कॉल्ड डेथ’ (२०१२) हा माहितीपट दाखवणार आहोत. पत्रकात मी ‘मुख्य प्रवाहात स्थान मिळवण्याची धडपड’ असं लिहिलं, पण ते सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय त्यांच्या संगीतप्रकाराचं ‘पंक’ हे इंग्रजी नाव तसंच ठेवावं का? आईने ते ‘चिखल’ असं वाचलं.

– ताई, आईंचं चुकलं नाही, ‘पंकज’ त्यातलाच. ‘पंक रॉक’ असं जोडून लिहा, गोंधळ होणार नाही.

‘मुख्य प्रवाहा’बद्दल मात्र तुमचा कान अगदी बरोबर आहे. मराठीत त्याच्यापुढे बहुधा ‘आणणे’ येतं. शरण आलेल्यांना, शाळाबाह्य मुलांना मुख्य प्रवाहात आणतात. आणणारा कुणी दुसराच असतो. इथे गोष्ट उलटी आहे. डेट्रॉइटचे डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तिघे भाऊ म्हणजेच माहितीपटातला ‘डेथ’ हा बँड. १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण सुरू असताना अमेरिकन संगीत कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी बँडचं नाव बदलायला सांगितलं. डेव्हिडने साफ नकार दिला. ठरलेल्या बारा गाण्यांपैकी सातच झाली. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच ५०० तबकड्या काढल्या. अल्बम निघाला तो थेट २००९ मध्ये, आणि डेव्हिड तर २००० सालीच वारला होता. नाव सोडलं नाही म्हणून अडले, शेवटी त्याच नावाने लोकांपुढे आले. यासाठी ‘नावारूपाला येणे’ हाच आपला शब्द.

– मला एक भेद दाखवावासा वाटतो. ‘नाव होणे’ आणि ‘नावारूपाला येणे’ एक नव्हे. आपल्या गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस बघा. हिंदी चित्रपटांचे व्हायोलिनवादक आणि संगीतसंयोजक, प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्याने त्यांचं नाव घरोघरी पोचलं, पण ते नाव कुणाचं हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं? नाव झालं, रूप पडद्यामागेच राहिलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

– हे पटलं. म्हणजे ‘रूप’ हा भाग सोडून चालणार नाही. डेथच्या बाबतीत ते रूप भावांनी जपलेल्या फितींत होतं.

– धन्यवाद! पत्रकात आता असं जातंय : ‘नाव न बदलता नावारूपाला येण्यासाठी तीन भावांनी केलेली धडपड.’ आईलाही वाचून दाखवलं. तिने विचारलं, “नाव कसलं होतं गं त्यांचं?” ‘मृत्यू’ म्हटल्यावर क्षणभर थांबून म्हणाली, “मग बदलायचं कशाला?”