मदत हवी आहे: क्रँक ग्राइंड केल्यावरही नवीन बेअरिंग घासतंय

नमस्कार मंडळी. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सोलापुरात ग्राइंड करून, म्हणजे घासून बारीक करून, त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग टाकलं. तरी इंजिन तापलं की ऑइल प्रेशर पडतंय. खालचा तेलाचा चेंबर खोलला, तर बेअरिंगवर बारीक रेघा. क्लिअरन्स (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) मॅन्युअलप्रमाणेच आहे, तेलही नवीन.

माझा संशय जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) फिनिशवर, म्हणजे पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणावर आहे. चालू इंजिनात तेलाचा थर सगळ्यात पातळ जागी जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि स्टार्टर मारताना तोही नसतो. तेव्हा खरबरीत जर्नल बेअरिंगचा मऊ थर खरवडणारच. त्यात क्रँक ओतीव, नोड्युलर (ग्राफाइटचे गोल कण असलेल्या) लोखंडाचा. ग्राइंडिंगमध्ये ग्राफाइटच्या कणांभोवती बारीक बर (धातूची धारदार कड) उभी राहते. शेवटचं पॉलिश इंजिन फिरतं त्याच दिशेनं झालं नाही, तर तिची धार बेअरिंगवर चालते. हे बहुतेक ठिकाणी कोणी पाहतच नाही, याचं वाईट वाटतं.

सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडे दिशा सांभाळून पॉलिश करणारा आणि फिनिश ०.४ मायक्रॉनच्या आत असल्याचं मीटर लावून दाखवणारा कारागीर कोणाला माहीत आहे का? नुसत्या पॉलिशवर भागेल, की क्रँक पुन्हा ग्राइंड करून पुढच्या अंडरसाइजला न्यावा लागेल? गाळप सुरू होण्याआधी इंजिन बसवायचंय.