कोलमन २००ए रॉकेलवर करायचाय, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे जुना कोलमन २००ए कंदील आहे, एका मेंटलचा (ज्योतीत तापून उजळणारी कापडी पिशवी), लाल टाकीवाला, मूळचा व्हाइट गॅसवर, म्हणजे पेट्रोलसारख्या द्रव इंधनावर चालणारा. तो रॉकेलवर करतोय कारण पेट्रोलसारखं भसकन पेटणारं इंधन घरात ठेवायला मन धजत नाही, रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) ३८ अंश सेल्सिअसच्या वर म्हणून जरा निर्धास्त वाटतं. २०१ हे त्याचंच रॉकेलचं मॉडेल, म्हणून त्याचा जनरेटर (इंधनाची वाफ करणारी नळी) बसवला आणि तो आधी तापवायला खाली स्पिरिटची वाटी लावली. स्पिरिट पूर्ण जळेपर्यंत थांबतो, मगच नॉब उघडतो, तरी सुरुवातीला पिवळी ज्योत आणि काजळी येतेच, नंतर मेंटल छान पांढरा होतो पण मधूनच धडधडतो. पंपाचा वॉशर नवा आहे, मेंटलला भोक नाही, गळती साबणाच्या पाण्याने तपासली. मग प्रेशर कमी पडतंय का वाटी जनरेटरपासून लांब राहिलीय? बर्नरची जाळी पण बदलावी लागते का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, इतका सुंदर कंदील नुसता शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये मला. आणि उलटा प्रयोग, म्हणजे रॉकेलच्या पेट्रोमॅक्समध्ये पेट्रोल, कृपया कोणी करू नका, जिवावर बेतेल.