डिकीचं रबर बदलायचंय: कुठला आकार, कुठला गोंद, सांधा कुठे?

मागची_सीट
साठच्या दशकातली चार दारांची सेडान आहे. डिकीचं रबर बहुधा मूळचंच. दाबलं तर दबत नाही, कोपऱ्यांत भेगा पडल्यात आणि कुलपाजवळच्या सांध्यात बोटभर फट आहे. पाऊस झाला की स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं. शिवाय मागच्या काचा खाली असल्या की आत धुराचा वास येतो. रबर बॉडीच्या बाजूला पन्हळीत चिकटवलेलं आहे, झाकणाला काही नाही.

नवं रबर दोन प्रकारचं मिळतंय. एक सपाट तळाचं, वर पोकळ फुगा असलेलं, चिकटवायचं. दुसरं आत धातूची पट्टी असलेलं, कडेवर नुसतं दाबून बसणारं. दुसरं घेतलं तर गोंदाची कटकट वाचेल. चालेल का? गोंद लावायचाच तर कुठला? आणि जुना गोंद रंगाला धक्का न लावता कसा काढायचा? रंग जुना असला तरी चांगला आहे, तो वाचवायचाय.

दहाबारा_पाना
दाबून बसणारं तुमच्या गाडीला चालणार नाही. त्याला पत्र्याची उभी, सलग कड लागते, साधारण १ ते ३ मिमी जाडीची. आतल्या पट्टीचे दात त्या कडेला चावतात. तुमच्याकडे सपाट तळाची पन्हळ आहे, चावायला काहीच नाही. पन्हळीच्या आतल्या भिंतीवर ते कसंबसं चढवणारे लोक आहेत, पण मग फुगा झाकणाच्या नेमक्या जागी टेकत नाही आणि तंग कोपऱ्यात दुमडतो. सपाट तळाचं घ्या. घट्ट रबर नको, स्पंजचं ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) घ्या. घट्ट रबर इतकं दबतच नाही आणि झाकण वर राहतं.

पण रबर मागवण्याआधी पाणी खरंच तिथूनच येतंय का ते बघा. डिकीत पाणी म्हटलं की सगळे रबराला दोष देतात. टेल लॅम्पची गॅस्केटं, मागच्या काचेचं रबर, काचेभोवतीच्या चकचकीत पट्टीच्या क्लिपांची भोकं, एरियलची बुडखी, छप्पर आणि मागच्या फेंडरच्या जोडातलं तडकलेलं सीलंट, या सगळ्यांचं पाणी उतारानं स्टेपनीच्या खड्ड्यातच जमतं.

तपासायची रीत: डिकी रिकामी करा, आतलं कार्पेट काढा, सगळं कोरडं पुसा आणि जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. मग पाइपनं पाणी सोडा, साधी धार, प्रेशर वॉशर नाही. त्याचा मारा चांगल्या रबरातूनही आत जातो. सुरुवात खालून: आधी टेल लॅम्प, मग बाजूच्या पन्हळी, मग बिजागऱ्यांकडची बाजू, काच सगळ्यात शेवटी. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. पावडरीत ओघळ उमटतो, त्याच्या मागावर वर जायचं. मागच्या सीटची पाठ काढून तिथून टॉर्च मारा. कुणाला डिकीत बसवून झाकण लावू नका, इतक्या जुन्या गाडीत आतून उघडायची सोय नसते.

धुराचं जास्त मनावर घ्या. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्ट तिथेच घुटमळतो. काच खाली केली की डिकीच्या फटीतून तो आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. तुम्हाला येतो तो बाकीच्या वायूंचा, पण हा त्यांच्याबरोबरच येतो. सायलेन्सरचे जोड आणि डिकीच्या तळातली भोकं याच खेपेला बघून घ्या.

गंजवैरी
जुना गोंद काढण्याबद्दल. रबर आधी हातानं ओढून काढा, निघेल तेवढं निघू द्या. उरलेल्यावर हीट गन हलक्या आचेवर फिरवा, एका जागी थांबवू नका, आणि प्लॅस्टिकची पट्टी तिरपी धरून खरवडा. लोखंडी स्क्रेपर नको.

मागे राहिलेल्या पातळ थरावर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं १०-१५ मिनिटं ठेवा, गोंद मऊ पडून चोळल्यावर गोळ्या होऊन निघतो. लॅकर थिनर जवळही आणू नका. तो गोंदाआधी रंग उचलतो, आणि जुना रंग लॅकरचा असेल तर पाहता पाहता विरघळतो. टर्पेंटाइनसुद्धा आधी पन्हळीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसा, दर वेळी नवं फडकं. टर्पेंटाइनचा तेलकट पापुद्रा राहिला तर नवा गोंद धरत नाही, आणि लोक मग गोंदाला नावं ठेवतात.

पन्हळ साफ झाली की गंज दिसेलच. सर्वात जास्त मागच्या दोन कोपऱ्यांत, कारण पाणी तिथून बाहेर पडायचं असतं आणि पानं-माती तिथेच अडकते. वरवरचा गंज असेल तर वायर ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. टोचणी पत्र्यातून आरपार जात असेल तर लांबी (बॉडी पुट्टी) भरून भागणार नाही, तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. लांबी ओल धरते आणि तिच्याखाली गंज चालूच राहतो. पत्र्याच्या जोडांवरचं सीलंट तडकलं असेल तर उकरून पॉलियुरेथेन सीम सीलर भरा. मारलेला रंग पूर्ण वाळल्याशिवाय गोंद लावू नका. गोंदातलं सॉल्व्हंट कच्चा रंग सुरकुतवतं.

फुगा_आणि_पन्हळ
गोंद: वेदरस्ट्रिपसाठी, म्हणजे अशा दार-डिकीच्या रबरांसाठी, असतो तो कॉन्टॅक्ट प्रकारचा, काळा. पिवळाही मिळतो, पण बाहेर आलेली पिवळी रेघ कायम दिसत राहते. सिलिकॉन सीलंट वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, ते उघड्या पत्र्याला गंजवतं. आणि पुढे कधी रंग करायचा झाला तर सिलिकॉनच्या अंशावर रंग फाटतो.

गोंद उघडण्याआधी अख्खं रबर कोरडं बसवून बघा. बांधून आलेल्या रबराला घड्या पडलेल्या असतात, ते आदल्या दिवशी सैल सोडून ठेवा किंवा कोमट पाण्यात टाका. तळाच्या बाजूवर साच्याचा चिकट थर किंवा पावडर असते. ती १५० नंबरच्या पेपरनं हलकी घासून अल्कोहोलनं पुसा. हे वगळलं तर गोंद पत्र्याला चिकटतो, रबराला नाही.

आता मुख्य गोष्ट. रबर कुठेही ताणायचं नाही, उलट किंचित रेटत बसवायचं. ताणून लावलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं, सांध्यात फट पडते आणि कोपऱ्यात ते आतल्या बाजूला ओढलं जाऊन पन्हळीतून सुटतं. तुमच्या जुन्या सांध्यातली बोटभर फट वयामुळे आखडूनही आली असेल, पण ताणून बसवलं तर नव्यालाही तेच होईल. कोपऱ्यात खास सांभाळा, कारण वळण घेताना हात आपसूक ओढतो. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपवर पेन्सिलनं खुणा करून रबर सैल ठेवा.

गोंद दोन्हीकडे लावायचा, पन्हळीत आणि रबराच्या तळाला, पातळ थर, एका वेळी ३०-४० सेंमीच. बोटाच्या मागच्या बाजूनं टेकवून बघा: चिकट लागतोय पण तार निघत नाही, अशा वेळी दाबायचं. ओला असताना दाबलं तर रबर सरकतं, पार वाळल्यावर दाबलं तर धरत नाही. पन्हळीच्या दोन्ही कडांना आधीच टेप लावून ठेवा. मागच्या कोपऱ्यांत पाण्याच्या वाटा आहेत, तिथे गोंदाचा लोंदा साठू देऊ नका.

जुनं_ते_जुनं
बसवल्यावर वरून व्हॅसलीन किंवा थोडं ग्रीस चोळा, रबर मऊ राहतं.

फुगा_आणि_पन्हळ
नको. ईपीडीएमला पेट्रोलियमची तेलं सोसत नाहीत. ते फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. व्हॅसलीनही त्यातच आलं. सिलिकॉन ग्रीस फडक्यावर घेऊन पुसा, तेही गोंद पूर्ण धरल्यावर. स्प्रे मारू नका, तो रंगावर उडतो.

मागची_सीट
पाण्याची तपासणी केली. टेल लॅम्प आणि काच कोरडी, ओघळ डिकीच्या मागच्या कडेवरून आणि डाव्या कोपऱ्यातून आहेत. पन्हळीत गंज वरवरचाच आहे.

जुनं रबर काढून झाकण लावलं आणि पन्हळ ते झाकण अंतर मोजलं: बिजागऱ्यांकडे ६ मिमी, बाजूंना ९, मागे कुलपाकडे १३. मग रबर किती उंचीचं घ्यायचं? आणि सांधा कुठे ठेवायचा?

दहाबारा_पाना
खरा घोटाळा तुमच्या झाकणात आहे. फुगा साधारण तिसरा हिस्सा दबला पाहिजे. १३ मिमी उंचीचं रबर ९ मिमीच्या फटीत ४ मिमी दबेल, ते उत्तम. पण तेच मागे १३ च्या फटीत नुसतं टेकेल, आणि बिजागऱ्यांकडे ६ मध्ये निम्म्याहून जास्त दबावं लागेल, तिथे झाकण वर उचललं जाऊन फेंडरपेक्षा उंच दिसेल. जाड रबर घेऊन मागची फट भरायला गेलात तर बिजागऱ्यांकडचं आणखी बिघडेल. आधी झाकण सारखं करा, सगळीकडे ८ ते १० मिमी आणा, मग १३ चं रबर घ्या.

कसं मोजलंत ते लिहिलं नाही. पट्टीनं मोजलं असेल तर पुन्हा मोजा. प्लॅस्टिसिनच्या (मुलांच्या खेळातल्या मऊ मातीच्या) १५-२० मिमीच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून पन्हळीत दहाएक जागी ठेवा, झाकण कुलूप लागेपर्यंत दाबा, उघडा आणि चपटी झालेली जाडी कॅलिपरनं घ्या. त्यात एक-दोन मिमी मिळवा, कारण कुलपात तेवढी ढिलाई असते आणि नवं रबर झाकण वर ढकलून ती खाऊन टाकतं.

जुळवणी मागून सुरू करा. कुलपाचा हुक दोन बोल्टवर असतो, भोकं लांबट असतात. ढिला करून खाली सरकवा, झाकण मागे खाली येईल. मग बिजागऱ्या. झाकणाकडचे बोल्ट ढिले करण्याआधी जुन्या जागेभोवती पेन्सिलनं रेघ मारा. झाकण वर घ्यायचं तर बिजागरी आणि झाकणाच्या मध्ये वॉशर. दुसरा माणूस झाकण धरायला हवाच. टॉर्शन बार (झाकण उचलून धरणारे पिळलेले पोलादी दांडे) असतील तर त्यांना हात लावू नका, ते ताणात असतात आणि सुटले तर हाड मोडतील. बॉडीकडचे बिजागरीचे बोल्टही सोडू नका.

झाकण फेंडरशी सपाट बसणं आणि फट सारखी असणं यात ओढाताण झाली तर सपाटपणाला मान द्या. फट कुठे दोनेक मिमी जास्त राहिली तर तेवढ्या लांबीत रबराखाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची पातळ पट्टी चिकटवा. पट्टीची टोकं तासून निमुळती करा, नाहीतर तिथेच पायरी होऊन गळेल.

फुगा_आणि_पन्हळ
सांधा मागच्या बाजूला, सरळ भागात, कुलपाच्या एका बाजूला वीतभर अंतरावर. कोपऱ्यात नाही, काचेखाली तर नाहीच, काचेवरून उतरणारं सगळं पाणी आधी तिथे येतं.

गंजवैरी
कुलपाच्या अगदी समोर ठेवणारेही आहेत आणि अनेक गाड्यांत कारखान्यातून तसाच येतो. पण तिथे सामान घासतं आणि सांधा उसवतो, म्हणून बाजूला घेणं मलाही पटतं.

फुगा_आणि_पन्हळ
शेवटचा वीतभर भाग चिकटवण्याआधी थांबा. दोन्ही टोकं एकमेकांवर चढवा आणि बरोब्बर मापापेक्षा १० मिमी जास्त ठेवून नव्या ब्लेडनं काटकोनात कापा, ब्लेड साबणाच्या पाण्यात बुडवून. कात्रीनं फुगा चपटा होतो आणि काप तिरका येतो. फुग्याच्या पोकळीत ४-५ सेंमीचा मऊ रबरी नळीचा तुकडा अर्धा एका टोकात, अर्धा दुसऱ्यात सरकवा, म्हणजे दाबल्यावर सांधा आत खचत नाही. तोंडांना सायनोअ‍ॅक्रिलेटचा (सुपरग्लूचा) एकच थेंब पसरवून अर्धा मिनिट दाबून धरा. जास्त लावलात तर तिथे कडक गाठ होते आणि झाकण तिच्यावरच टेकतं. ते जास्तीचे १० मिमी दोन्हीकडे रेटून जिरवा.

फुग्याला बाजूनं बारीक भोकं असतील, ती बुजवू नका. झाकण लावताना आतली हवा तिथूनच निघते.

मागची_सीट
आणि नव्या रबरानं झाकण लागलंच नाही तर?

दहाबारा_पाना
पहिले काही दिवस जड लागेल. आपटू नका, कुलपाच्या वर तळहातानं दाबून लावा. आपटल्यानं रबर लवकर बसत नाही, बिजागऱ्या मात्र वाकतात. शेवटचा भाग चिकटवून काही तास झाल्यावर, कडेला गोंद ओला राहिलेला नाही हे बघून, झाकण लावून टाका आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा, गाडी उन्हात असेल तर बरं.

त्यानंतर कागदाची चाचणी. साध्या कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण लावा आणि ओढा. चांगला अडथळा लागला पाहिजे. सहज सुटली तर तिथे फट आहे, फाटली तर तिथे जास्त दाब आहे. हे दर २० सेंमीला करा, कोपऱ्यांत जरा जवळजवळ. नेमकं कुठे टेकतंय ते बघायचं तर झाकणाच्या आतल्या कडेला खडू लावा. रबरावर सलग रेघ उमटली पाहिजे आणि ती फुग्याच्या मध्यावर हवी. कडेला उमटत असेल तर झाकण पुढे किंवा मागे सरकवायचं, खाली दाबून उपयोग नाही.

अजूनही जड लागत असेल तर कुलपाचा हुक एका वेळी १ मिमी वर घ्या आणि कागद पुन्हा ओढून बघा. कोपऱ्यांतले दोन रबरी बफर सगळ्यात शेवटी, झाकणाला जेमतेम टेकतील इतकेच वर आणा.