पागेसाहेबांची रोहयो: शेतकऱ्याच्या भल्याची की त्याच्या मुळावर आलेली?

माणदेशी

मनरेगा गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं तिच्या जागी नवा कायदा केला. १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी, खर्चात राज्याचा वाटा ४० टक्के, आणि ऐन पेरणी-काढणीत वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची तरतूद. टीव्हीवरच्या चर्चा ऐकल्या तर वाटतं, रोजगार हमीची ही कल्पना २००५ साली दिल्लीत जन्माला आली.

विठ्ठल सखाराम पागे हे नाव किती जणांनी ऐकलंय? १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या हातात ना खातं, ना तिजोरी. तरी या माणसानं साठच्या दशकात तासगाव तालुक्यात विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना तो गळी उतरवला. १ मे १९७२ पासून रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यभर, १९७७ ला कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. पैशासाठी १९७५ चा व्यवसाय कर: शहरातल्या नोकरदारानं द्यायचा, गावातल्या रिकाम्या हातांना काम मिळायचं. (आणि आज आपण विचारतो, विधान परिषद हवीच कशाला. निवडणुकीत पडलेल्यांची सोय म्हणून नको, हे मलाही मान्य.)

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रात एखाद्या लोकप्रतिनिधीनं शेतकऱ्यासाठी केलेलं हे सगळ्यात मोठं काम. कर्जमाफीपेक्षा मोठं, कारण कर्जमाफी सरकारच्या मर्जीवर मिळते आणि इथं मागणाऱ्याच्या बाजूनं कायदा उभा होता. मी मुद्दाम ‘शेतकरी’ म्हणतोय. माण, खटाव, आटपाडीत चार-पाच एकर कोरडवाहूचा मालक उन्हाळ्यात मस्टरवर, म्हणजे रोहयोच्या हजेरीपटावर, असायचा. सातबारा नावावर आणि हातात घमेलं.

कापूसवाला

भाऊ, मस्टरवरचा शेतकरी तुमच्याकडे असेल. आमच्या यवतमाळकडे शेतकरी म्हणजे ज्याला वेचणीला माणूस मिळत नाही तो. यंदा किलोमागे दहा-बारा रुपये मोजले, वर गाडीभाडं. कापसाला भाव काय मिळाला ते विचारू नका. आता ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आली तर सगळे ओरडतात की मजुरांवर अन्याय. पेरणीच्या आठवड्यात सरकारनंच रस्त्याचं काम काढायचं आणि आम्ही बांधावर बसून ढग बघायचे, हा न्याय का? पागेंचा हेतू चांगला असेल. पण हिशेब मजुराचा केला आणि शेतकऱ्याला गृहीत धरलं.

माणदेशी

कापूसवाले, २०२५-२६ चा महाराष्ट्रातला मनरेगाचा दर रोजी ३१२ रुपये होता. तुमच्या गावात गडीमाणसाची रोजी किती? इतक्या कमी पैशासाठी, तेही कधी खात्यावर पडतील याचा भरवसा नसताना, तुमचा वेचणीवाला तिकडे पळतो हे पटत नाही. तो पळतो बांधकामावर आणि कंपनीत. तुमचा राग खरा आहे, पत्ता चुकलाय.

कापूसवाला

दर कमी, पण काम किती हलकं ते बोला की. सकाळी हजेरी, फोटो काढला, अकराला घरी. त्याची सवय लागली की शेतात दिवसभर वाकायला कोण येईल?

निवृत्त ओव्हरसियर

दोन्ही बाजूंची गफलत होतेय. नोकरीची बरीच वर्षं या कामांवर गेली, म्हणून लिहितो.

पहिलं. बाहत्तरच्या दुष्काळात रोहयोनं महाराष्ट्र जगवला असं सर्रास लिहिलं जातं. मे १९७२ ला योजना जाहीर झाली खरी, पण दुष्काळ गडद होताच ती बाजूला ठेवून टंचाईची, म्हणजे तात्पुरती दुष्काळी, कामं काढली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं कामावर होती, ती बहुतेक टंचाईच्या कामांवर. दुष्काळात वाटलेल्या सुकडीच्या आणि मिलो ज्वारीच्या आठवणी त्या काळातल्या. रोहयो पुन्हा रुळावर आली त्यानंतर. पागेंचं श्रेय यानं कमी होत नाही. उलट टंचाईच्या कामांनी दाखवून दिलं की इतकी माणसं काम मागायला येतात, आणि मग कायद्याला बळ आलं.

दुसरं. जुन्या रोहयोत काम हलकं नव्हतं. मजुरी मोजमापावर मिळायची. खडी फोडायची तर ढीग मोजला जायचा, नालाबंडिंगला (नाल्यावरच्या बांधाला) खड्डे टेपानं मोजायचे. बाई आणि पुरुष, दोघांना कामाचा दर एकच. शेतात तेव्हा बाईला निम्मी मजुरी असायची, हे कापूसवाल्यांच्या भागातही खरं असेल. बायका रोहयोवर का गेल्या याचं उत्तर तिथं आहे.

तिसरं, आणि हे कडू आहे. खोटी मस्टरं मी पाहिलीत. मेलेल्यांची हजेरी, एकाच हाताचे दहा अंगठे. पाझर तलाव अर्धवट, रस्ता पहिल्या पावसात वाहून गेलेला. ५० मजुरांची मागणी असेल तरच नवं काम काढायचं अशी अट होती, तेव्हा मजुरांची जोडणी करायला मुकादम आला, आणि मुकादम आला की टक्का आला. कायदा कितीही सरळ लिहा, तो राबवणारं कार्यालय वाकडं असेल तर मजुरापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा आकार बदलतो.

पगारपत्रक

एक प्रश्न नोकरदाराकडून. व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २५०० कापले जातात. पगारपत्रकावर नुसतं ‘पी.टी.’ लिहिलेलं असतं, कशासाठी ते आमच्या ऑफिसात कुणालाही सांगता आलं नाही. २००६ नंतर मनरेगाची मजुरी केंद्र देऊ लागलं. मग आमचा कर कशाला चालू राहिला? आणि तो सगळा रोजगार हमीवरच खर्च होतो का?

निवृत्त ओव्हरसियर

१०० दिवसांपर्यंतची मजुरी केंद्राची, त्यापुढच्या दिवसांची राज्याची, अशी महाराष्ट्राची व्यवस्था होती, कारण आपल्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती. शिवाय विहिरी, फळबागा यांचाही काही भार. पण निधी साठवून ठेवण्याची आणि इतरत्र वळवण्याची ओरड जुनीच आहे, ती खोटी म्हणता येणार नाही. आता ४० टक्के राज्यानं द्यायचे म्हटल्यावर तुमचे २५०० बहुधा पुन्हा कामाला येतील.

मोसंबीची बाग

हमीवर बोलताना फळबाग कुणी काढतच नाही! १९९० पासून रोहयोतून फळबाग लागवड सुरू झाली. खड्डे खणायचे, रोपं लावायची, जगवायची, आणि मजुरीसकट अनुदान. कोकणात आंबा-काजू, सांगोल्याकडे डाळिंब, आमच्या जालन्यात मोसंबी. माझ्या वडिलांची बाग त्याच योजनेतली. शेतकऱ्याला गृहीत धरलं म्हणता, तर हे काय होतं? स्वतःच्याच रानात राबायचे पैसे सरकारनं दिले.

हां, २०१२ च्या दुष्काळात आमच्याकडे बागाच्या बागा वाळल्या. झाड लावायला योजना होती, पाण्याचा हिशेब कुणी केला नव्हता. ते पागेंच्या माथी मारू नका, ते पुढच्यांचं.

कोयता

मी बीड जिल्ह्यातला. सगळं वाचलं. एकच विचारतो. इतकी हमी होती तर आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद का होतात? मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन जोडपं ऊसतोडीला कारखान्यावर जातं, लेकरं फडात. १९७९ पासून कायदा आहे ना? १५ दिवसांत काम द्या नाहीतर भत्ता द्या, असं कायदा म्हणतो. जुन्या कायद्यात तो भत्ता किती ठरवला होता ठाऊक आहे? रोज किमान एक रुपया. आणि तोही घ्यायचा तर अर्जाची पोच लागते. पोचच देत नाहीत. अर्ज तोंडी घ्यायचा, ‘बघू’ म्हणायचं, संपलं.

पागेसाहेबांबद्दल आदर आहे. पण सभागृहात केलेलं काम आणि ग्रामपंचायतीच्या दारात मिळालेलं काम यात चाळीस वर्षं अंतर पडलंय. फोटो लावून पुण्यतिथी करणाऱ्या आमदारांनी एकदा पोच मागून बघावी.

माणदेशी

कोयता, तुमच्या मुद्द्याला विरोध नाही. पण पोच मागायचा हक्क आहे म्हणून तरी तुम्ही ती दिली नाही असं म्हणू शकता. कर्जमाफीच्या यादीत नाव आलं नाही तर काय मागणार? १९८८ च्या सुमारास किमान वेतन वाढलं तशी रोहयोची मजुरीही वाढली, आणि त्यानंतर कामाचे दिवस घटत गेले. हक्क महाग झाला की सरकार तो हळूच आवळतं. नव्या कायद्यात राज्याला ४० टक्के घालायचेत. कंगाल राज्य कामं काढेल की मागणीच नाही असं दाखवेल?

कापूसवाला

म्हणजे १२५ दिवस कागदावर आणि ६० दिवसांची बंदी तेवढी खरी, असंच ना? मग आमचा तरी फायदा होऊ द्या.

निवृत्त ओव्हरसियर

कापूसवाले, तोही सोपा नाही. ते ६० दिवस कोणते हे राज्यानं आधी जाहीर करायचंय. जून-जुलैत पेरणी आणि कोकणात भातलावणी. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी. तुमची वेचणी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. सोलापुरात ज्वारी काढायची फेब्रुवारी-मार्चला. ६० दिवस पेरणीला घातले तर वेचणीला काही उरत नाही. जिल्हावार ठरवले तरी एकाच तालुक्यात सोयाबीन आणि कापूस शेजारी उभे असतात.

कापूसवाला

आमच्याकडे एकाच धुऱ्याला दोन्ही आहेत. माझ्या स्वतःच्या रानात.

कोयता

मग आता तुम्ही ठरवा, कोणत्या बाजूनं अर्ज करायचा. पोच मात्र मागून घ्या.