गोष्टी नंतर, आधी शब्द? मला नाही पटत

चिऊची आई
काल एका ग्रुपवर वाचलं, "ऐकू न येणाऱ्या मुलाकडून आधी पन्नास शब्द पाठ करून घ्या, गोष्टीबिष्टी नंतर." डोकंच फिरलं. माझी मुलगी दोन वर्षांची असताना तिला कानाचं मशीन लागलं. आठ महिने आम्ही हेच केलं. कार्डावर 'गाय' म्हणायची, दारात गाय आली की गप्प. मग चिऊ-काऊची गोष्ट धरली. पंखा-टीव्ही बंद, मशीनच्या बाजूला कानाजवळ बसायचं, आधी सांगायचं, चित्र नंतर दाखवायचं. "चिऊताई, चिऊताई..." म्हणून थांबायचे. तीन-चार आठवड्यांनी, माझ्या ओठांकडे न पाहता म्हणाली, "दाल उघल." दुसऱ्या दिवशी लाडवाचा डबा पुढे केला, "उघल!" कोणत्या कार्डात होतं हे?

रोखठोक
विशेष शाळेत शिकवतो. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात कानांची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन, अशी शिफारस आहे. आमच्याकडे मूल येतं चार वर्षांचं. शब्दच नाहीत तर गोष्ट कळणार कशी? आणि सांगायचीच तर प्रमाण मराठीत सांगा. 'मले-तुले' शिकलेल्या पोराला पुस्तक कळत नाही.

वेचणीवाली
सर, म्या कापूस वेचणीले जातो. पोरगं दिवसभर माह्या सासूजवळ राह्यते. थे 'मले-तुले'च बोलते. तिनं काय तोंड शिवून बसाव?

नागपूरकर
सरांचं बरोबर आहे. आधीच कमी ऐकू येतं, त्यात घरी एक, शाळेत दुसरं. गोंधळ होणारच.

वेचणीवाली
गोंधळ तुमाले होते, पोराले नाही. आम्हाले एकीनं असंच सांगतलं होतं. सासू सहा महिने त्याच्यासंग बोललीच नाही, चुकीचं बोलन म्हनून. थे सहा महिने कोन वापस देइन?

अंगणवाडी ताई
शब्दाच्या शेवटचे प्रत्यय हळू उच्चारले जातात, तेच या मुलांचे निसटतात. गोष्टीत ते पन्नासदा येतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी पुढे ठेवा. बैलानं खाल्लं, बैलाले पाणी पाजलं, बैलाचं शिंग रंगवलं. 'ले' असो की 'ला', कोणी काय कोणाला केलं हे कळतं. सुट्या शब्दांत ते नाही.

धाकटा भाऊ
सगळे कानावरच अडलात. माझ्या दादाला मशीनचा उपयोग झाला नाही. आबा वारले तेव्हा तो अकराचा होता. त्याला कोणी सांगूच शकलं नाही. वर्षभर दारात वाट पाहायचा. चौदाव्या वर्षी खुणांची भाषा मिळाली, तेव्हा पहिल्यांदा विचारलं, आबा कुठे गेले? दिल्लीत सांकेतिक भाषेचं राष्ट्रीय केंद्र 2015 पासून आहे, आमच्या तालुक्यात अजून शिकवणारा नाही. हातांनीही गोष्ट सांगता येते हो.

रोखठोक
'ले'चं सोडलं. आजीला बोलू द्या. पण मशीन दिवसभर कानावर हवं. सेल संपला म्हणून डब्यात पडलेली मशीनं मी रोज पाहतो, त्याला कोणती गोष्ट पुरणार?

वेचणीवाली
सेल गावात भेटत नाही सर, तालुक्याले जा लागते, एक रोज बुडते. त्या दिवशी पोरगं सासूच्या मांडीवर बसते अन् दोन्ही हातानं दार उघडून दाखोते. सासू म्हनते, आली बाई चिऊ.