मदत हवी आहे: सर्व्हिसिंगनंतर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक पूर्ण सुटत नाही

नमस्कार मंडळी. नवी स्पोर्ट्स कार शोरूममध्ये सर्व्हिसिंगला दिली होती. परत आल्यापासून पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो. बटणाने ब्रेक काढला तरी मागचं उजवं चाक कधीकधी अडकल्यासारखं वाटतं. परवा पन्हाळ्याहून खाली आलो तर तेच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं, जळका वासही येत होता.

शोरूमवाले म्हणतात, "नवीन गाडी आहे, बसेल हळूहळू." ब्रेकच्या बाबतीत असलं उत्तर मला अजिबात पटत नाही. मागचे ब्रेक पॅड काढायचे तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीची सेटिंग) मागे घ्यावी लागते, नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे मोटरची जागा पुन्हा जुळवणं. ते राहिलं असेल का? की १२ व्होल्टची बॅटरी कमी पडतेय? (जॉब कार्डवर बॅटरी काढल्याची नोंद आहे.)

कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीकडे एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) आणि पार्किंग ब्रेकचे फॉल्ट कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) स्कॅनरने वाचून देणारा भरवशाचा माणूस कुणाला माहीत आहे का? बाहेर नुसतं स्कॅन केलं तर वॉरंटीला अडचण येते का? तोवर गाडी दारातच उभी ठेवली आहे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा.