वर्षअखेरीस जुनी गाडी चॅरिटीला: टॅक्ससाठी म्हणून देऊ नका, असं माझं मत

एडिसनकर
डिसेंबर लागला की इथे अमेरिकेत रेडिओ लावला की तेच, जुनी गाडी दान करा, फुकट टो करून नेऊ, टॅक्समध्ये सूट मिळवा. आता आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण कुणीतरी टाकलंय की 31 तारखेच्या आत द्या, ब्लू बुकची (जुन्या गाड्यांचे बाजारभाव सांगणाऱ्या यादीतली) पूर्ण किंमत उत्पन्नातून वजा होते. नाही होत हो! मागच्या डिसेंबरात आम्ही हेच ऐकून आमची 2008 ची सिएना दिली. चांगली चालती गाडी, ब्लू बुक 3100 डॉलर दाखवत होतं. जानेवारीत तिचा लिलाव झाला आणि फेब्रुवारीत चॅरिटीकडून 1098-सी, म्हणजे दान दिलेल्या गाडीचा टॅक्स फॉर्म, आला त्यावर आकडा 850. 2005 पासून नियमच असा आहे की 500 डॉलरच्या वर डिडक्शन, म्हणजे वजावट, घ्यायचं असेल तर चॅरिटीने गाडी जेवढ्याला विकली तेवढंच धरता येतं. बरं ते 850 तरी कामाला यावेत, तर आम्ही नवराबायको स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठरलेली वजावट, घेतो, 2024 ला ते 29,200 होतं, आमचे वजा करता येणारे खर्च तिथवर जातच नाहीत. म्हणजे टॅक्समध्ये वाचले शून्य. आणि संस्थेला त्या 850 मधून टोवाल्याचे, लिलाववाल्याचे, मधल्या कंपनीचे पैसे जाऊन काय उरलं असेल? हीच गाडी मी स्वतः विकून त्यांना चेक दिला असता तर 3000 च्या आसपास त्यांच्या हातात पडले असते, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून म्हणतो, गाडी विका आणि रोख द्या.

रानजाई
अजिबात पटलं नाही. तुमची गाडी चालती होती, सगळ्यांची नसते. आमच्या ओडिसीचं ट्रान्समिशन गेलंय, मेकॅनिक 3800 सांगतो, भंगारवाला 300 देतो म्हणाला तेही गाडी आणून दिली तर! दोन महिने ड्राइव्हवेत उभी आहे, खाली तेलाचा डाग पडलाय, मुलाने त्यावर कार्डबोर्ड टाकून ठेवलाय. कोण घेणार ही विकत? चॅरिटीवाले येऊन नेतात, एक पैसा घेत नाहीत, वर 500 पर्यंत डिडक्शन मिळतं. आणि सगळे स्टँडर्ड घेतात हे कुठून आणलंत? न्यू जर्सीतला प्रॉपर्टी टॅक्स तुम्हाला माहीत आहे. राज्याच्या न् घराच्या टॅक्सच्या वजावटीची मर्यादा 10,000 होती ती 2025 ला 40,000 झालीय, त्यात मॉर्गेजचं व्याज धरलं की आम्ही 2025 च्या स्टँडर्डच्या, म्हणजे 31,500 च्या, आरामात वर जातो. आम्ही आयटमाइज करतोय, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेतोय, आम्हाला उपयोग आहे.

हिशोबी
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी टॅक्सचंच काम करतो म्हणून थोडं सविस्तर.
रानजाई ताई, 500 सरसकट मिळत नाहीत. गाडी 500 किंवा कमीला विकली गेली तर 500 आणि गाडीची खरी बाजारभावाची किंमत यातलं जे कमी ते, आणि किंमत म्हणजे आहे त्या अवस्थेतली, ट्रान्समिशन गेलेल्या गाडीची.
एडिसनकर, लिलावाच्या आकड्याला अपवाद आहेत ते तुम्ही लिहिले नाहीत. संस्था गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरणार असेल किंवा मोठी दुरुस्ती करून विकणार असेल तर 1098-सी वर 5ए या चौकोनात खूण येते, एखाद्या गरजू माणसाला फुकट किंवा अगदी कमी किमतीत देणार असेल तर 5बी मध्ये. तेव्हा पूर्ण बाजारभाव धरता येतो. म्हणून गाडी द्यायच्या आधी फोन करून एकच विचारा, तुम्ही ही लिलावात काढणार की कुणाला देणार? आणि 31 डिसेंबर ही गाडी द्यायची तारीख आहे, विक्रीची नाही. लिलाव जानेवारीत झाला तरी डिडक्शन यंदाचंच.
आणखी एक सांगून ठेवतो, 2026 पासून स्टँडर्ड घेणाऱ्यांनाही दानाचे 1000, जोडप्याला 2000 वजा करता येतील पण ते फक्त रोख दानाचे, गाडीचे नाहीत.

एडिसनकर
अपवादाचं मान्य, मला माहीत नव्हतं. पण रेडिओवर जाहिरात करणारे बहुतेक लिलावातच काढतात ना? हा 2005 चा नियम आला तोच मुळी आकडे फुगवले जात होते म्हणून. 2003 मध्ये जीएओ या सरकारी तपासणी संस्थेने 54 गाड्यांचा माग काढला तेव्हा दोन तृतीयांश केसेसमध्ये देणाऱ्याने जी किंमत दाखवली त्याच्या 5 टक्के किंवा त्याहून कमी चॅरिटीच्या हातात पडले होते. आता टॅक्सवाल्यांनी आपला हिशोब चोख केला, चॅरिटीला कमी मिळतं तो प्रश्न तसाच आहे. देणारा चांगल्या मनाने देतो आणि पैसे मधल्यामध्ये जिरतात, माझा राग त्यावर आहे.

सॅन होजेची सून
स्वतः विका म्हणणं सोपं आहे. इथे कॅलिफोर्नियात आधी स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) पास करून द्या, मग अनोळखी माणसं घरी येणार, टेस्ट ड्राइव्ह मागणार, 200 साठी तासभर घासाघीस. नवऱ्याची नोकरी गेली आणि एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर 60 दिवसांत भारतात परतायचं होतं तेव्हा आम्ही सरळ देऊन टाकली, टॅक्सचा विचारही केला नाही.
पण एक चूक झाली ती तुम्ही करू नका. टोवाला म्हणाला टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नुसती सही करा, खरेदीदाराचं नाव आम्ही भरतो. आम्ही केली. डीएमव्हीला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या खात्याला) गाडी दिल्याचं कळवायचं असतं, इथे 5 दिवसांत, तेही घाईत राहिलं. चार महिन्यांनी पुण्यात असताना मित्राच्या पत्त्यावर टोल चुकवल्याच्या नोटिसा, सगळ्या आमच्या नावावर. तीन महिने ईमेल करत बसलो. टायटलवर संस्थेचं नाव स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

बर्फातला
मी 2019 ला बफेलोला एमएसला आलो तेव्हा पहिल्या थंडीत एका मराठी कुटुंबाने त्यांची 2004 ची कोरोला मला एक डॉलरला दिली. बसस्टॉपवर चाळीस चाळीस मिनिटं बर्फात उभं राहणं थांबलं माझं. डॅशबोर्डवरचा गणपती काकूंनी काढला नाही, म्हणाल्या तो गाडीचाच आहे. त्यांना टॅक्समध्ये काही मिळालं नसणार. पण तुमची सिएना चालती होती ना एडिसनकर, मग चॅरिटी की विक्री एवढंच का? जवळच्या युनिव्हर्सिटीत मराठी मुलं असतीलच, त्यांना विचारा की.

हिशोबी
बरोबर, एका व्यक्तीला दिलेल्या गाडीचं डिडक्शन नाही, ती भेट झाली. तरी चालत्या गाडीसाठी मीही हेच सुचवेन.

रानजाई
बर्फातला, तुझं वाचून डोळ्यात पाणी आलं रे. माझी चालत असती तर तशीच दिली असती. एडिसनकर, तुमचा राग समजला पण माझं मत तेच आहे, बंद गाडीला दान हाच मार्ग. फक्त रेडिओवाल्यांना नाही देणार, आमच्या काउंटीत एक संस्था गॅरेज चालवते आणि दुरुस्त करून एकट्या आयांना गाड्या देते, सकाळी फोन केला तर ट्रान्समिशन गेलेली पण बघतो म्हणाले. 29 ला टो ठरलाय. नंबर प्लेटचे स्क्रू गंजलेत, ते आत्ताच तेल घालून सोडवून ठेवलेत, प्लेटा एमव्हीसीला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या डीएमव्हीला, परत द्यायच्यात. टायटलवर नाव मी स्वतः लिहिणार.